वेरा आजींचा ट्रे

वेरा आजींनी दुपारचा ट्रेही परत सरकवला, तेव्हा आमचे कन्सल्टंट म्हणाले, “उद्यापर्यंत खाल्लं नाही तर एनजी ट्यूब.” म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी. तिच्यातून पातळ अन्न सोडतात. गोंधळलेले पेशंट ती उपसून काढतात, मग हातांना जाड मोजे घालावे लागतात. ते बघवत नाही.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरच्या एका हॉस्पिटलमध्ये वयस्कर लोकांच्या वॉर्डवर रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालची डॉक्टर आहे. रजेवरून त्याच दिवशी परतले होते. आजींबद्दल कळलं ते एवढं: मूळच्या रशियन, तरुणपणी लग्न होऊन इकडे आलेल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन नीट झालं, पण नंतर डिलिरियम. म्हणजे आजारपणात म्हाताऱ्या माणसांना आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं, ते. त्यात त्यांचं इंग्लिश गेलं होतं. फोनवरून दुभाषी जोडून पाहिला, तर त्यांनी फोन उशीखाली ठेवून दिला. ऐकूही कमीच यायचं. मुलगी हेलन रोज यायची, पण तिला रशियन येत नव्हतं.

“मूड फार लो आहे,” सिस्टर जॉयस मला म्हणाली. “ट्रे नेला की ‘सॅड, सॅड’ म्हणतात.” त्यावर डिप्रेशनची गोळी सुरू करायचंही चाललं होतं.

मी सँडविचचा ट्रे घेऊन गेले. आजींनी तो माझ्याकडे ढकलला आणि म्हणाल्या, “सादीस.”

रशियनमध्ये ‘सादीस’ म्हणजे ‘खाली बस’. जॉयसला ‘सॅड’ ऐकू आलं होतं, ते हेच.

मी नागपूरची. डॉक्टर झाले रशियात, आणि पुढे तिथल्याच एका लहान गावातल्या हॉस्पिटलात दोन वर्षं नोकरी केली. तिथे एकदा फ्लूने आडवी झाले. खोलीवर एकटीच होते. आमची हेड नर्स गालिना बिटाचं सूप घेऊन आली. तिच्याशी माझं कामापुरतंच बोलणं असायचं. मी म्हटलं, ठेवून जा, खाईन नंतर. तिने कोट काढला, दोन वाडगे भरले आणि समोर बसून स्वतःही जेवली. आजारी माणसाला एकटं जेवू द्यायचं नसतं, एवढंच म्हणाली. ताप उतरेपर्यंत रोज आली.

मी खुर्ची ओढून बसले. का खात नाही, म्हणून आजींना रशियनमध्ये विचारलं. रशियन ऐकून त्यांना जराही नवल वाटलं नाही.

“सगळ्या उभ्याच असतात,” त्या म्हणाल्या. “उभ्या माणसासमोर मी एकटी कशी खाऊ?”

त्यांनी अर्धं सँडविच माझ्या हातात दिलं. मी खाल्लं. मग उरलेलं त्यांनी खाल्लं.

पेशंटच्या बेडपाशी स्टाफने खायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. जॉयसने मला त्याची आठवण करून दिली. मग स्वतःच डे-रूममध्ये, म्हणजे पेशंटच्या बसायच्या खोलीत, टेबल लावलं, आजींना व्हीलचेअरने तिथे नेलं आणि आपला ब्रेकही तिथेच घ्यायला लागली. मी डबा आणायचे. ज्या दिवशी मला जमायचं नाही, त्या दिवशी आणखी कुणी बसायचं. कन्सल्टंटनी ट्यूब पुढे ढकलली, गोळी रद्द केली.

एका दुपारी हेलन दारात उभी राहून आमचं बोलणं ऐकत होती. मी बाहेर आल्यावर म्हणाली, “आईने आम्हाला तिची भाषा कधी दिलीच नाही. तुम्हाला इथे काय उपयोग, म्हणायची. आता ती माझ्याऐवजी तुमच्याशी बोलते.”

मी तिला एक वाक्य शिकवलं. “मामा, पायेश सा म्नोय.” म्हणजे, आई, माझ्याबरोबर जेव. कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत तिने ते पाठ केलं, आत जाऊन आईसमोर बसली आणि चुकतमाकत म्हणाली.

आजी तिच्याकडे बघत राहिल्या. मग शाळेतल्या बाईंसारखं त्यांनी तो उच्चार सुधारला आणि पुन्हा म्हणायला लावला. हेलनने पुन्हा म्हटलं. तिला रडू येत होतं. आजींनी चमचा आधी तिच्या हातात दिला, मग स्वतःचा उचलला.

ट्यूब घालावी लागली नाही. इंग्लिशही हळूहळू परत आलं, आणि आजी हेलनच्या घरी गेल्या.

वॉर्डवर नवे डॉक्टर आले की मी सांगते, ‘पेशंट जेवत नाही’ असं लिहिण्याआधी त्यांच्याजवळ जरा बसून बघा. सगळे माना डोलावतात. बसायला वेळ मात्र अजूनही कुणाच्याच ड्यूटीच्या वेळापत्रकात नाही.