भाऊंनी केलेला दिवा

घरात काहीही बिघडलं, की आमचे भाऊ म्हणायचे, "चूक मनीच शे." म्हणजे चूक माझीच. दूध नासलं तरी यांची चूक, नळाला पाणी आलं नाही तरी यांचीच. भाऊ म्हणजे माझे सासरे. सगळी गल्ली म्हणायची, काय देवमाणूस! देवमाणसाबरोबर एका घरात राहून बघा म्हणावं, मग कळेल.

धुळ्यात जन्मभर ट्रकांचं वायरिंग करून भाऊ घरी बसले होते. माझा नवरा सुरतेला कामाला, महिन्यातून एकदा यायचा. मी पांझरा नदीपलीकडच्या एका दवाखान्यात मलमपट्टीचं, इंजेक्शनचं काम धरलं. ते काम मला जिवापाड आवडायचं आणि सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, पहिल्या दिवसापासून खुपायचं. थंडीत दिवस लवकर मावळायला लागला तसा त्यांनी निकाल दिला, "अंधारमा बाईमानूस फिराव नही. नही जमत ते काम सोडी दे." दवाखाना सुटायचाच दिवेलागणीला. मी सायकलवर येणारी, काय उडत येणार होते?

भाऊ म्हणाले, "सायकलले दिवा लावसूत ना!" मी म्हटलं, विकतचा डायनॅमो बसवू. तर म्हणे तो पाय ओढतो, आणि सायकल थांबली की अंधार. मग त्यांनी टॉर्चचं तोंड घेतलं, चार्जिंगचे सेल एका ओळीत शिशाचा डाक देऊन जोडले, तेलाच्या रिकाम्या डब्यात बसवले आणि डबा हँडलखाली बांधला. जुन्या रेडिओतल्या ट्रान्सफॉर्मरचा चार्जर केला. घरात सॉकेट एकच, ओट्याच्या वर. दिवसभर बॅटरीचा डबा तिथे लावायचा आणि दुपारी उशिरा भाऊंनी तो दवाखान्यात आणून द्यायचा, असं ठरलं. पहिल्या संध्याकाळी रस्त्यावरचा खडा न् खडा दिसला. मला तर रडूच आलं.

ते सुख काही टिकलं नाही. दिवा अर्ध्या वाटेत मान टाकायला लागला. भाऊंनी लगेच डबा खोलला. "सांधा ढिला शे. चूक मनीच शे. दोन दिनमा करी देसू." ते दोन दिवस मी अंधारात चाचपडत यायची आणि अक्का दारात तोंड फुगवून उभ्या. मग नवा बल्ब, नवी वायर, नवा डाक. पुन्हा तेच. "अहो भाऊ, खोलू नका हो आता!" मी हात जोडायची. तोवर यांचा पेचकस हातात! शेवटी एकदा पुलावर दिवा विझला आणि मी थेट बैलगाडीवर आदळले. कोपर फुटलं. ज्या दवाखान्यात दुसऱ्यांना पट्ट्या बांधायची, तिथेच बांधून घेतली. अक्का म्हणाल्या, "बस व्हयनं आते. महिना भरना का काम बंद." भाऊ मान खाली घालून म्हणाले, "चूक मनीच शे."

त्या कोपरापायीच मी एक दिवस घरी राहिले. दुपारची वेळ, भाऊ खाटेवर आडवे, मी आतल्या खोलीत. अक्का ओट्याशी आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि चार्जरची पिन उपसली. मिक्सर लावायचा नाही, काही नाही, नुसतीच उपसली. बऱ्याच वेळाने आल्या आणि परत खोचून गेल्या. मी खाटेकडे बघितलं. भाऊंचे डोळे टक्क उघडे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आणि हा देवमाणूस भिंतीकडे तोंड करून वळला! थोड्या वेळाने उठून म्हणतो कसा, "सांधाच ढिला व्हई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना अंगणात गाठलं. "भाऊ, तुम्हाला ठाऊक होतं. माझं काम सुटायची पाळी आली, आणि तुम्ही डबे खोलत बसलात? अक्कांना एक शब्द बोलवत नाही?"

"हळू बोल, पोरी."

"का हळू बोलू?"

त्यांनी आत ओट्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "मी बोलसू, ती रडी, चार लोके जमतीन. मंग तुनं काम टिकी का?"

दुसऱ्या दिवसापासून भाऊ सकाळी पिशवीत डबा आणि चार्जर घालून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसायला लागले. सेल तिथे भरायचे. अक्कांनी विचारलं तर म्हणायचे, "घरमा करमत नही." दिवा पुन्हा कधी विझला नाही. माझं काम टिकलं, ते आजतागायत. पण तो एक शब्द काही भाऊ बोलले नाहीत. त्यांनी बोलावं म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली, माझं मला माहीत.

भाऊ गेले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. अक्का डोळे पुसत सांगत होत्या, "सूनले आम्ही कधी अडावं नही. त्यास्नी दिवा करी दिन्हा, मी म्हनं, जाऊ दे पोरले कामले." बायका कौतुकाने माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं. सगळं अगदी जिभेवर आलं होतं. आणि भाऊंसारखंच ते गिळून मी म्हणाले, "हो, अक्कांनी कधीच अडवलं नाही."

भाऊ हयात असताना त्यांचा इतका राग मला कधी आला नव्हता.