माहेरची वाटी

डॉक्टर शशिधर जोगळेकर कार्डिफच्या हॉस्पिटलात पेशंटना भूल द्यायचे, आणि खरेदीला गेले की प्रश्न विचारून विचारून दुकानदाराचीही तीच गत करायचे. १९८९ साली त्यांनी मेटल डिटेक्टर घ्यायचं ठरवलं, ते मात्र हौसेसाठी नव्हे.

आदल्या ऑगस्टात त्यांच्या बायकोच्या, सुप्रभाच्या, मंगळसूत्राची तार तुटली. कौन्सिलकडून भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर ती मेथी उपटत होती. सासरची वाटी हाती लागली, माहेरची मातीत गेली. नवी लेस्टरच्या भारतीय सराफांकडे सहज मिळाली असती. पण ती आईने दिलेली, आणि आई गेली तेव्हा सुप्रभाला पुण्याला पोचता आलं नव्हतं. "नवी नको," एवढंच म्हणून ती एका वाटीचं मंगळसूत्र घालून वावरू लागली. माझा तुकडा शेजारीच. मला ते बघवत नसे.

डॉक्टरांनी हिवाळाभर कॅटलॉग चाळले. मशीनच्या दांड्याला खाली लावलेली मोठी तबकडी खोलवरचं शोधते, छोटी खिळ्यांच्या गर्दीतही नेमकी जागा दाखवते. त्यांनी छोटी घेतली. इथवर अक्कल शाबूत होती. वाऱ्यात बारीक आवाज ऐकू यावा म्हणून हेडफोन, लांब पात्याचं खुरपं, गुडघ्यांना पॅड. चाळण मात्र घरातली उचलली, रव्याची, न विचारता. त्यावरून जे झालं ते मी कुंपणापलीकडून ऐकलं.

तिथे पूर्वी कुणाची तरी शेड होती, त्यामुळे मातीत खिळेच खिळे. मशीनला एक बटण होतं. ते पुढे फिरवलं की फालतू धातूंवर मशीन गप्प बसे. डॉक्टरांनी आपली लग्नातली अंगठी मातीवर ठेवली, ती वाजेल आणि बाकी कचरा वाजणार नाही असं बटण लावलं आणि खूश झाले. मग वसंतभर दर रविवारी तबकडी फिरवली. जुन्या पेनी निघाल्या, नळाची पितळी तोटी निघाली. वाटी नाही.

"डॉक्टर, वाटीवर टेस्ट केलंत का?" मी शेवटी विचारलं.

"दुसरी वाटी हिच्या गळ्यात आहे, वैजयंती. मंगळसूत्र काढ असं कसं सांगू?" एरवी देवाला हात न जोडणारा हा माणूस.

सुप्रभाने हातातली झारी खाली ठेवली. "काढायचं कशाला? मशीन इकडे आणा."

ती ताठ उभी राहिली. डॉक्टरांनी तबकडी तिच्या गळ्याशी धरली. मशीन गप्प. आणखी जवळ नेली. गप्पच. अंगठी भरीव आणि वाटी कागदासारखी पातळ, त्यामुळे मशीन तिलाही कचऱ्यात काढत होतं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी बटण हळूहळू मागे नेलं, तेव्हा कुठे बारीकसा आवाज आला.

आता खिळेही वाजणार होते. आम्ही तिघांनी ते उपसले, बादली भरली. दुपारी नळाजवळ, जिथे डॉक्टर दर रविवारी थर्मास उघडून बसायचे, तिथेच वाटी निघाली. मेथीची मुळं धुताना मातीबरोबर गळून पडली असणार.

"इतके रविवार मी हिच्यावरच बसत होतो," डॉक्टर म्हणाले. "आय ॲम सो सॉरी, सुप्रभा."

तिने वाटी कार्डिगनच्या बाहीला पुसली. "तुमच्या अंगठीला ती कशी ओ देईल? माझ्या आईकडची आहे. मीच हाक मारायला हवी होती."

आणि आई गेल्याचा फोन आला तेव्हा जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती सुप्रभा खिळ्यांच्या बादलीशेजारी बसून रडली. आम्ही दोघांनी तिला रडू दिलं.