आप्पांच्या पंक्तीला बसलेली मुलं

त्या काळात बेळगाव-निपाणीच्या टापूत मॅट्रिक झालेल्या पोराचं नशीब सटवाई लिहीत असेलही, पण त्यावर मंजुरीची सही माझ्या आत्याच्या यजमानांची लागायची. सारं गाव त्यांना आप्पा म्हणे, म्हणून त्यांच्याच घरी राहणारा मीही आप्पाच म्हणायचो. मामलेदार कचेरीतून ते पेन्शनीत निघाले आणि पोरांना मार्गाला लावणं हा एकच उद्योग त्यांनी पुढे जन्मभर केला. निकाल लागले की उचगाव, नंदगड, निपाणी, कुठून कुठून बाप आपापलं पोर पुढे घालून त्यांच्या सोप्यावर येत. "आप्पा, ह्येचं फुडं काय करायचं?" असं बाप विचारी, आणि पोर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभं राही. आप्पा चष्मा वर सारून पोराला न्याहाळत आणि आत हाक देत, "ऐकलं काय? एक ताट वाढा."

हीच त्यांची परीक्षा. मार्क किती, इंग्रजी कसं, कानडी येतं का, यातलं काही ते विचारीत नसत. "माणूस पेपरात खोटं लिहील, पण ताटावर खोटं जेवणार न्हाय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. भाकरीचे एकसारखे तुकडे मोडून ठेवणारा मुलगा मास्तरकीला, आमटीचा भुरका मारल्यावर आधी इकडेतिकडे बघणारा वकिलीला, आणि मीठ मागून घेणारा रेल्वेत. मीठच का आणि रेल्वेच का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मागायची लाज न्हाय त्याला. तिकीट मागताना लोकांवर खेकसायला असाच माणूस लागतो." नंदगडच्या एका हुशार मुलाला जेवताना उचकी लागली, तर कोर्टाची नोकरी त्याला कायमची बंद झाली. न्यायाधीश काय त्याची उचकी थांबायची वाट बघत बसणार? माझी पाळी आली तेव्हा मी बोलण्याच्या नादात ताकात बोट घातलं, आणि आप्पांनी सुस्कारा सोडला. "ह्याचं काय होणार न्हाय. ह्याला आपलं लिहीत बसू दे." ते मात्र खरं ठरलं.

आत्याला हे सगळं मुळीच पटत नसे. वाढता वाढता ती करवादायची, "पोरगं जेवायला बसलंय का फाशी जायला? तुम्ही असं बघत बसल्यावर घास उतरंल काय त्येचा?" आप्पा हसून सोडून देत. लोकांचा विश्वास इतका दांडगा, की आप्पांचं चुकलं तरी खापर पोराच्याच माथी फुटायचं. निपाणीच्या एका मुलाने भाजीतला बारकासा खडा निवडून बाजूला काढला, म्हणून आप्पांनी त्याला तंबाखूच्या वखारीत पाठवला. पानं निवडायला अशीच नजर लागते म्हणे. त्या धुळीने पोराची छाती गेली. त्याचा बाप तरीही दर संक्रांतीला आप्पांना तिळगूळ द्यायला यायचा, आणि पोर घरी खोकत पडलेलं असायचं. मला त्या तिळगुळाची भीती वाटायची.

मग लढाई सुरू झाली आणि पलटणीत भरती निघाली. त्या साली जांबोटीहून परशराम आला. रानातली वाट तुडवून बापलेक दुपारी पोचले होते. पोरगा उंच, हाडापेराने दणकट आणि कमालीचा लाजरा. सोप्यावर माझ्याशी मात्र तो मोकळा बोलला. त्याला धारवाडला ट्रेनिंगला जायचं होतं, मास्तर होऊन जांबोटीच्याच शाळेत पोरांना शिकवायचं होतं. तो ताटावर बसला. एक भाकरी आणि मूठभर भात खाल्ला. आत्या पुन्हा भात घेऊन आली, तर त्याने दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "बास आक्का. लई झालं." आप्पांचे डोळे चमकले. "बघितलंस? ह्याला भूकच न्हाय! असा माणूस परमुलखात टिकतो. पलटणीत शिधाकोठीचा कारकून म्हणून धाडा ह्याला." बाप चाचरला, "मास्तर व्हतो म्हनतंय त्ये..." "मास्तर कोणीबी होतो," आप्पा म्हणाले, आणि ते तिथेच संपलं. परशरामने माझ्याकडे एकदा बघितलं. महिन्याभरात तो भरती झाला.

तो ब्रह्मदेशातून परत आला नाही. फौज माघारी फिरली तेव्हा जंगलातून चालताना उपासाने गेला, असं त्याच्याबरोबरच्या एका शिपायाने येऊन सांगितलं. ते ऐकून आप्पा दोन दिवस सोप्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल, जांबोटीला." वाटेत त्यांचा एकच घोष, "पण भूक नव्हती रं त्याला. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

परशरामच्या आईने आमच्यापुढे उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं. आप्पांचा हात ताटाकडे जाईना. तीच बोलली. "लई खायचा वो माझा पोरगा. चार भाकऱ्या न्याहारीला लागायच्या. तुमच्याकडं आलता त्या दिशी मीच बजावलं, परक्याच्या घरात दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं न्हाय, लोक हावरट म्हनतील. घरला आल्यावर रडकुंडीला आलता भुकेनं." मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "आप्पा, तितंबी मागून घ्याला लाजला आसंल काय वो त्यो? माझंच चुकलं."

आप्पांचा चेहरा मला बघवेना. "न्हाय गं बाई," ते कसंबसं म्हणाले, "तुझं न्हाय चुकलं." ती बिचारी "जेवा की," म्हणत राहिली, आणि आप्पा ताटापुढे हात जोडून बसले.

त्यानंतर त्यांनी हा उद्योग सोडला. लोकांनी मात्र सोडला नाही. पुढच्या निकालाला उचगावचा एकजण मुलाला घेऊन दारात उभा. आप्पा म्हणाले, "मला ह्यातलं काय कळत न्हाय. पोराला घरी घेऊन जावा." बापाने वाकून नमस्कार केला आणि पोराला घेऊन निघाला. गल्लीच्या तोंडाशी त्याचं बोलणं आम्हाला ऐकू आलं, "आप्पा म्हनले घरी ने. म्हंजे शाळा बास, शेतीच तुझ्या नशिबात." पोरगा मान खाली घालून चालत होता. आप्पा तसेच सोप्यावरून उतरले आणि अनवाणी त्यांच्यामागे धावले. "अहो, तसं न्हाय! त्याला इच्चारा तरी, त्याला काय व्हायचंय ते!" बाप लांबूनच वळला, हात जोडून मोठ्याने म्हणाला, "काळजी करू नका आप्पा, तुमचा शबुद खाली पडू देत न्हाय!" आणि वळणावर दोघे दिसेनासे झाले.

आप्पा धापा टाकत भर रस्त्यात उभे होते. मी जाऊन त्यांचा हात धरला. त्या वेळी मला त्यांच्याबद्दल जेवढी माया वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती. मी त्यांना हळूहळू घरी घेऊन आलो.