पाच दिवसांचं काम

जगात कुठेही युद्ध पेटलं, की नायगावात शिवलिंगअप्पा आपल्या किराणा दुकानाच्या फळीवर गोळ्यांची एक रिकामी बरणी मांडत. बरणीच्या एका बाजूला वाटीत तूर, दुसऱ्या बाजूला वाटीत हरभरा. तिकडे फौज घालावी असं वाटत असेल त्याने तुरीचा दाणा टाकायचा, घालू नये असं वाटत असेल त्याने हरभऱ्याचा. एका माणसाला एकच दाणा. गिऱ्हाईक साखर न्यायला आलं तरी आधी मत, मग साखर. ज्या देशाबद्दल मत घेतलं जाई त्या देशाला याची काही कल्पना नसे, एवढी एक उणीव सोडली तर सगळा कारभार चोख होता.

अप्पा कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढून सकाळी सातला दुकानात बसत. दुकानातला टीव्ही त्यांनी क्रिकेटसाठी घेतला होता. पण क्रिकेट रोज नसतं आणि युद्ध रोज असतं, त्यामुळे टीव्ही कधी रिकामा राहिला नाही. मी शाळेत मास्तर, शाळा सुटली की तिथे जाऊन बाकड्यावर बसत असे. आम्ही बाकड्यावरच्या मंडळींनी त्या काळात बसल्या जागेवरून किती देश सरळ केले याची गणती नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी हैदराबादच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, पण त्याने आमचं कधी काही अडलं नाही.

अप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं : ‘पाच दिवसांचं काम हाय.’ त्याचा उगम त्यांच्या वडिलांपाशी होता. पोलीस ॲक्शनच्या वेळी हिंदुस्थानची फौज आली, पाच दिवसांत निजामाने हात वर केले, रझाकार पळाले, हे वडिलांनी त्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्यानंतर जन्मलेल्या अप्पांना ते पाच दिवस डोळ्यांनी पाहिल्यासारखे पाठ होते. यावरून त्यांनी दोन नियम काढले होते. फौज आली की लोक मोकळे होतात, आणि त्याला पाच दिवस लागतात. आमच्या भागात हे दोन्ही नियम कुणी तपासून पाहण्याची पद्धत नव्हती. दुकानासमोर नगरपंचायतीने नालीसाठी चर खणला, तेव्हाही अप्पा म्हणाले, ‘पाच दिवसांचं काम हाय.’ पुढे तीन वर्षं आम्ही एका फळीवरून तो चर ओलांडून दुकानात जात होतो. त्यावरूनही आम्हाला काही सुचलं नाही.

पहिली बरणी मांडली त्याला वीसेक वर्षं झाली. तेलाच्या एका देशात महासत्तेची विमानं घुसायची होती, आणि आपलीही फौज पाठवावी का अशी चर्चा पेपरात चालू होती. त्या देशाचं नाव गावात कुणाला धड उच्चारता येत नव्हतं, पण फौज घालायला सगळे तयार होते. मी भूगोल शिकवतो म्हणून अप्पांनी मला नकाशा आणायला सांगितला. मी शाळेतला आणला. तो गुंडाळून गुंडाळून नेमका तिथेच फाटला होता, तेव्हा मी अदमासाने शेजारच्या देशावर बोट ठेवलं आणि सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. त्या शेजाऱ्याचं नशीब थोर, म्हणून आमच्याकडे विमानं नव्हती.

त्याच दिवशी समोरच्या वेल्डिंगच्या दुकानातून जब्बारभाई आला. जब्बारभाई आणि अप्पा लहानपणापासून एकत्र. रोज संध्याकाळी साडेपाचला फळी ओलांडून यायचं, अप्पांच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून घ्यायचा आणि परत जायचं, हा त्याचा नेम. गावात त्या देशाचं नाव नीट घेऊ शकणारा तो एकटा, कारण तिथे नदीकाठच्या एका शहरात तो नऊ वर्षं पाइपांचं वेल्डिंग करून आला होता. एका म्हातारीच्या घरात खोली घेऊन राहत होता. तिला तो खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. तो तापाने फणफणला होता तेव्हा खालाने आठ दिवस त्याच्या उशाशी बसून त्याला सूप पाजलं होतं. अशा माणसाचं मत युद्धाच्या बाबतीत निरुपयोगी असतं, हे आम्हाला न सांगता कळत होतं.

जब्बारभाईने सगळ्यांदेखत हरभऱ्याचा दाणा टाकला आणि म्हणाला, ‘अप्पा, तिथं माणसं राहत्यात हो.’

‘अरे, त्यांच्याच भल्यासाठी चाललंय,’ अप्पा म्हणाले. ‘आपल्याकडं न्हाई का फौज आली? पाच दिवसांत मोकळे झालो.’

‘पाच दिवसांचं तुमच्या बापानं तुमाला सांगितलं. सहाव्या दिवसापासनं आमच्या लोकांचं काय झालं ते माझ्या बापानं मला सांगितलंय. ऐकता का?’

कुणालाच ऐकायचं नव्हतं.

चारच दिवसांनी विमानं घुसली. जब्बारभाई चहाला आलेला असतानाच टीव्हीवर एक पूल कोसळला आणि बाकड्यावर टाळ्या पडल्या. जब्बारभाई पडद्याकडे बघत म्हणाला, ‘त्या पुलाच्या खालच्या अंगाला खालाचं घर हाय.’ अप्पा रंगात आले होते. ते म्हणाले, ‘लई पुळका येऊन राहिला तर तिकडंच जा की मंग.’

कुणीतरी हसलं. मी हसलो नव्हतो असं मला आठवतं, पण माझी आठवण कशी चालते ते पुढे येईलच. जब्बारभाईने चहाची बशी खाली ठेवली, फळी ओलांडली आणि समोर जाऊन वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली. त्यानंतर तो साखर बसस्टँडवरून आणू लागला. दोन दुकानांमधलं अंतर बारा पावलांचं.

तिकडचं काम पाच दिवसांत उरकलं नाही. अप्पा दर आठवड्याला ‘आता झालंच’ म्हणत राहिले. मग आमचं लक्ष दुसऱ्या देशाकडे गेलं, नवी बरणी आली, जुनी माळ्यावर गेली. अप्पा प्रत्येक बरणीवर देशाचं नाव लिहून कागद चिकटवत. माळ्यावर अशा सहा-सात बरण्या जमल्या, आणि एकीतही हरभरा पाच-सहा दाण्यांच्या वर गेला नाही. परदेशात फौज घालण्याच्या बाबतीत आमचं गाव फार एकजुटीचं आहे. पाण्याच्या बाबतीत तसं नाही.

दहा वर्षांनी तो पहिला देश पुन्हा टीव्हीवर आला. शहरं ढिगाऱ्यांत गेली होती, जे सत्ताधारी गेले त्यांच्यापेक्षा भयंकर लोक गल्लोगल्ली माजले होते, आणि रस्त्याने माणसं गाद्या डोक्यावर घेऊन चालली होती. बाकड्यावर हळहळ सुरू झाली. ‘जायलाच नको होतं,’ एक म्हणाला. ‘मी तर तवाच म्हणत होतो,’ दुसरा म्हणाला. बघता बघता तेव्हाच म्हणत होते असे सगळेच निघाले.

अप्पा उठले, स्टुलावर चढले, माळ्यावरून पहिली बरणी काढली आणि पेपर पसरून त्यावर पालथी केली. दाण्यांबरोबर पीठ आणि मेलेले भुंगे पडले. भुंग्याने तूर आणि हरभरा असा भेद केला नव्हता, पण दाणे मोजता येत होते. एक्केचाळीस तुरी. तीन हरभरे.

‘मंग ही तूर कुणी टाकली?’ अप्पांनी विचारलं. ‘उंदरानं?’

लगेच सगळ्यांची नजर तीन हरभऱ्यांवर गेली. त्यातला एक जब्बारभाईचा, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्याचा निकाल आतून अप्पांच्या बायकोने, महादेवीकाकूंनी लावला : ‘एक माझा हाय. दुकानात कुणी नसताना टाकला. मला कोण विचारून राहिलं होतं?’ उरलेल्या एका हरभऱ्यावर बाकड्यावरच्या प्रत्येकाने हक्क सांगितला. मीही सांगितला, आणि अगदी मनापासून सांगितला. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘गुर्जी, तुमी नकाशा आणला होता.’

मंडळी पांगली. तो तिसरा हरभरा अप्पांचाच असणार असं मला वाटलं, नाहीतर एवढं कोण रागावतं? मी त्यांना तसं विचारलं. अप्पा भुंगे झटकून दाणे परत बरणीत भरत होते. ‘माझी तूर हाय, गुर्जी,’ ते म्हणाले. ‘सगळ्यात पहिली. लोकांनी तरी माझं बघून टाकली.’ मग समोर बघत म्हणाले, ‘तुरीचं जाऊ द्या. त्याला बोललो ते गळ्यात अडकलंय. बारा पावलं जायचं, दोन शब्द बोलायचे. दहा वर्षं झाली, जमून न्हाई राहिलं.’ अप्पांची इतकी वर्षं मी थट्टा केली, पण त्या दिवशी मला त्यांची फार माया वाटली. आम्हा एक्केचाळिसांत आपली तूर ओळखणारा तो एकच निघाला.

तरीही ती बारा पावलं जायला त्यांना आणखी काही वर्षं लागली. मधुमेहाने किडन्या खराब झाल्या, नांदेडच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि मुलगा त्यांना लातूरला न्यायचं म्हणू लागला, तेव्हा एके सकाळी त्यांनी ती बरणी काखेत घेतली आणि मला म्हणाले, ‘चला.’ चर केव्हाच बुजला होता, फळी गेली होती. तरी अप्पा नेमके तिथे क्षणभर थांबले आणि पाय उचलून पुढे टाकला.

जब्बारभाईने काच वर केली, स्टूल पुसून पुढे सरकवलं. ‘बसा, अप्पा.’

अप्पा बसले नाहीत. बरणी पुढे धरून म्हणाले, ‘जब्बार, माझं चुकलं. तुला बोललो ते बी, न् हे बी. माफ कर.’

जब्बारभाईने बरणी हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिली. ‘खालाला मी दर ईदला फोन लावतो,’ तो म्हणाला. ‘तवापासनं. घंटीसुद्धा वाजत न्हाई.’ मग बरणी ऐरणीवर ठेवून म्हणाला, ‘मला बोलले ते कवाच माफ केलं, अप्पा. तुमी आले न्हाई म्हणून तसंच पडून राहिलं. पण ह्या बरणीची माफी मला कशाला मागता? मी तर इथंच होतो.’

अप्पा खाली बसले. तिथे त्यांना ‘पाच दिवसांचं काम हाय’ म्हणता आलं नाही, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं. थोड्या वेळाने जब्बारभाईने बिनसाखरेचा चहा मागवला आणि अप्पांच्या कपातला अर्धा आपल्या बशीत ओतून घेतला.

लातूरच्या डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले होते, अप्पांनी सव्वा महिना काढला. त्यांना नायगावात आणून आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसवून माती दिली. जब्बारभाईनेही मूठभर दिली आणि बाजूला जाऊन उभा राहून रडला.

बरणी मात्र अजून त्याच्या दुकानात आहे, वेल्डिंगच्या कांड्यांशेजारी. कुणी विचारलं तर म्हणतो, ‘गावाचं मत हाय, सांभाळून ठेवलंय.’ गेल्या महिन्यात पुन्हा एका देशावर विमानं गेली. मी रात्रभर टीव्ही पाहिला होता आणि सकाळी फाटकाचं काम सांगायला त्याच्याकडे गेलो, तेव्हा माझं मत अगदी तयार होतं. ‘जब्बारभाई, मला विचाराल तर या वेळी...’ असं मी सुरू केलं. त्याने बरणी उचलली आणि माझ्यासमोर ठेवली.

मी फाटकाचं माप सांगितलं आणि घरी आलो.