शेजारणीचं तेल

पिंपळनेरच्या आठवडे बाजारात माझ्या बांगड्यांच्या ठेल्यासमोर अक्का बसतात. करंजाच्या तेलात गवती चहाचं तेल मिसळून खरजेसाठी विकतात. आमच्या तालुक्यात खरूज कायम शेजाऱ्यालाच होते. येईल तो आवाज खाली आणून "शेजाऱ्यासाठी पाहिजे" म्हणतो. अक्का कधी हसत नाहीत. "त्यास्ना घरमा बठ्ठास्ले एकच दिन लावानं. आथरूण उनमा टाकानं. पू शे तं दवाखाना," एवढंच सांगतात; त्या दिवशी घरातलं एकही माणूस सुटता कामा नये.

परवा एक सून आली, हात पदराखाली धरून. "शेजारीनसाठे."

अक्कांनी तिचा हात हळूच बाहेर ओढला आणि बोटांच्या बेचक्यांत स्वतः तेल चोळलं.

"शेजारीनले सांग, बरं व्हई जाई."

सून हसली. "सांगसू, अक्का."

मग ती माझ्याकडे वळली आणि बांगड्या भरायला तोच हात पुढे केला.