बुरुजानं हाक मारली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं मी मरता मरता वाचलोय! निदान त्या दुपारी मला तरी तसंच वाटलं.

जन्म गेला मेंढरांमागं माळावर. आता सोलापुरात पोराकडं आलो. दिवसभर खुर्चीत बसून म्हातारा काय करणार? सगळ्यांवर खेकसणार! शेवटी सून वैतागली. माझ्या मोबाईलात तिनं कायतरी घातलं.

"मामंजी, किल्ल्यात फिरून या. ह्यो मोबाईल बोलतोय. तुमी जितं जाल, तितली म्हायती सांगतोय. फुकट हाय."

"फुकट? मग खोट असणार त्यात."

"जावा वो! का एकट्याला भ्या वाटतंय?"

मला भ्या? लांडग्यांच्या माळावर एकटा झोपलेला गडी मी! तिथल्या तिथं पायताण घातलं आणि निघालो.

माझ्या कानात ऐकायचं यंत्र असतं. पोरानं ते मोबाईलला जोडून दिलेलं. किल्ल्याच्या दरवाजात एक बाई कानात सुरू झाली. हे कुणी बांधलं, ते कुणी पाडलं. थांबायचं नावच नाही! म्हटलं, ही तर सुनेच्या वरताण. मोबाईलचा पडदा काळा केला आणि सदऱ्याखालच्या बंडीच्या खिशात कोंबला. काळा झाला म्हणजे बंद झाला. घरचा टीव्ही तसाच बंद होतो का नाही?

पुढं गेलो. त्यात अमावस्या, भर दुपार. ऊन असलं, की कुत्रंसुद्धा दिसेना. एका बुरुजाच्या सावलीला टेकलो आणि कानाशी घोगरा आवाज आला.

"या पाहुणे. मी बुरूज बोलतोय. कधीची तुमची वाट बघतोय."

आई गं! उठलो आणि पळत सुटलो. तर कानात मघाचीच बाई!

"तुम्ही वाट सोडली आहे. मागे फिरा."

उजवीकडं वळलो, मागे फिरा. डावीकडं वळलो, मागे फिरा. धडपडत, ठेचकाळत कुठं पोचलो? त्याच बुरुजाखाली!

आमच्याकडं ह्याला चकवा म्हणतात. माणसाला धरतो, ओळखीचा आवाज काढून गोल गोल फिरवतो आणि शेवटी विहिरीत घालतो. असं विहिरीत गेलेली माणसं मला ठाऊक आहेत.

कानातलं यंत्र उपटून काढलं. सगळं चिडीचूप. मग तर जास्तच भ्यालो. आता ते मागून आलं तर मला ऐकू कसं यायचं? परत घातलं.

"या पाहुणे..."

चकव्यावर उतारा एकच. सदरा काढून उलटा घालायचा आणि डाव्या पायातलं पायताण उजव्यात. माझ्या बापानं शिकवलेलं. पायताणं बदलली, सदरा डोक्यावरनं ओढला, तर समोरनं कॉलेजच्या दोन पोरी.

"पोरींनो, पळा! हितला बुरूज बोलतोय!"

एक हसली. "व्हय की आजोबा! आमच्याशी बी बोलला. लई गोड बोलतोय, न्हाय?"

मेलो! ह्यांना आधीच धरलंय!

"ओढण्या उलट्या करा आदी! चपला बदला! हसता काय, मराल की!"

दुसरीनं माझ्या कानाकडं निरखून बघितलं. "आजोबा, मोबाईल कुटाय तुमचा?"

बंडीतनं काढून दिला. तिनं बोट लावलं, बुरूज गप्प. परत लावलं, "या पाहुणे!"

"पडदा काळा केला म्हनून ह्यो बंद होत न्हाय, आजोबा. जाग्यावर पोचलं की आपोआप बोलतोय."

चकव्याचं भ्या गेलं. आता घरी काय सांगायचं, ह्याचं आलं. त्याच नादात हातातला सदरा कसातरी अडकवला आणि घर गाठलं.

दारात सून उभी. वरपासून खालपर्यंत बघितलं तिनं. सदरा उलटा, पायताणं अदलाबदल. पदर तोंडाला लावून म्हणते, "मग मामंजी, कसा हाय किल्ला?"

"मला काय ठावं? मी कुटं बघितला? किल्ल्यानंच मला बघितलं, नुसत्या बंडीवर!"