जनता म्हणून बसवलेला माणूस

"अरे, हा जनता नाई. हा बिछायतवाला होय."

भैयाजीनं हे माइकवर सांगितलं. माझ्या हातातून हिसकावलेल्या माइकवर. सगळा मंडप हसला. स्टेजवरचे साहेबही हसले आणि म्हणाले, "बरं बरं. आता जनतेतून कोणीतरी बोला."

मी तिसऱ्या रांगेत उभाच होतो. कारंजा शहरात, हायवेलगतच्या लॉनमध्ये. वय बेचाळीस. मतदार यादीत नाव आहे, एकही मतदान चुकवलेलं नाही. तरी मी जनता नाही, हे मला त्या दुपारी कळलं.

त्या खुर्चीत मी आपणहून बसलो नव्हतो. हे आधीच सांगतो, कारण नंतर जो तो मलाच विचारत होता, तू तिथं बसलाच कशाला?

आमच्याकडं मंडप, खुर्च्या, सतरंज्या भाड्यानं देणाऱ्या दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. शेठच्या केंद्रावर मी सोळा वर्षं राबलो. लग्न, तेरवी, सप्ताह आणि सभा. सभा सगळ्याच पक्षांच्या. पुढं सोफे, त्यांवर पांढऱ्या खोळी. त्यामागं मोठ्या लोकांना गादीच्या खुर्च्या, मग प्लास्टिकच्या. बाया आणि मजूर शेवटी, सतरंजीवर. पक्ष बदलला की आम्ही वरचं कापड बदलायचो. खालची मांडणी कोणी बदलायला सांगितली नाही. देशाचं राजकारण म्हणजे काय, असं मला विचारलं तर मी एवढंच सांगेन. टीव्हीवर ही पुढारी माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली दिसतात. त्यांच्यापायी आमच्या गावात सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. आणि मी ह्याच माणसांना एकमेकांच्या लेकीच्या लग्नात, एकाच सोफ्यावर, मीच लावलेल्या सोफ्यावर, हसताना पाहिलंय.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. माणसं कमी आली की फोटोत रिकाम्या खुर्च्या दिसतात. मग आम्हाला बसवतात. मंडपवाले, आचाऱ्याची माणसं, गाड्यांचे ड्रायव्हर. गळ्यात दुपट्टा टाकायचा, टाळ्या वाजवायच्या, सभा संपली की दुपट्टा परत द्यायचा आणि बसलेली खुर्चीच उचलायची. मी सगळ्या पक्षांचे दुपट्टे घातलेत. त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आता वाटते.

त्या दिवशी कार्यक्रमाचं नाव होतं जनसंवाद. भैयाजी म्हणजे साहेबांच्या पक्षाचा तालुक्यातला पुढारी. त्यानं मागं येऊन हाक मारली, "ए, या रे सगळे, बसा समोर. पब्लिक कमी दिसून राह्यली." बसलो. साहेब देशावर बोलले. देश महासत्ता होणार, जग आपल्याकडं बघतंय, वगैरे. शेवटी म्हणाले, "आज मी ऐकायला आलोय. मोकळेपणानं बोला. तुम्ही मालक आहात."

माइक फिरायला लागला. एकानं आभार मानले. दुसऱ्यानं साहेबांच्या तब्येतीची चौकशी केली. मग माइक माझ्यापर्यंत आला आणि मी चूक केली. मला जनता म्हणून बसवलं होतं, ते मी खरं धरलं.

मी म्हणालो, "साहेब, आमच्या गावच्या शाळेत चार वर्गाले एकच मास्तर आहे. माही पोरगी चौथीत हाय, तिले अजून धड वाचता येत नाई. मागच्या बारी तुमी दुसऱ्या पक्षात होते. त्या सभेचं कापड मीच बांधलं होतं. तवाही तुमी मास्तर देतो म्हणले होते. देश महासत्ता होऊन राह्यला म्हणता, मंग आम्हाले एक मास्तर काऊन भेटत नाई?"

इथं माइक गेला. पुढचं वर सांगितलंच.

भैयाजी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "खुर्ची सोड बे. मांगं जाऊन चहाचे कप उचल." आणि मी गेलो. कप उचलले. हे मी लपवणार नाही. एक कप कोणाच्यातरी पँटवर सांडला, तर त्याचीही माफी मागितली. सोळा वर्षांची सवय होती ती. मला आज साहेबांपेक्षा त्या माफीचा राग जास्त येतो.

कोणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं होतं, संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ घराघरात गेला होता. खाली हसणारी तोंडं चिकटवलेली. पोरगी बाहेरून रडत आली, कोणीतरी तिच्या बापाची नक्कल करून दाखवली होती. बायको कापूस वेचून आली होती. तिनं व्हिडिओ दोनदा पाहिला. मला वाटलं, आता ही बोलणार. ती म्हणाली, "लोकं हासून राह्यले, हासू द्या. पण ह्याच्यात खोटं काय बोलले तुमी?" मला त्या दिवसांत विचारलेला हा एकच सरळ प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेठ मला भैयाजीच्या घरी घेऊन गेला. पोर्चमध्ये चपलांशेजारी उभं केलं. भैयाजी मोबाइल घेऊन बाहेर आला. "घाबरू नको. दोन मिनिटाचं काम आहे. मी व्हिडिओ काढतो, तू म्हण, मी दारू पिऊन होतो, शुद्धीत नव्हतो, साहेबाची माफी मागतो. बस. तुह्यं काम चालू राहीन."

माझा बाप दारूनं गेला. सरणावर ठेवतानाही त्याच्या अंगाला वास होता. मी उभ्या जन्मात थेंब घेतलेला नाही. हे शेठला ठाऊक होतं. 

आणि मला लख्ख दिसलं. काल मी जनता नव्हतो, आज मी शुद्धीत नव्हतो. प्रश्न विचारणाऱ्याचं काहीतरी बिघडलेलंच असलं पाहिजे. दिल्लीत विचारला तर तो देशाचा वैरी, कारंज्यात विचारला तर दारुडा. उत्तर देण्यापेक्षा हे सोपं आहे. 

भैयाजीनं मोबाइल समोर धरला. मी त्यात बघून म्हणालो, "मी दारू पीत नाई. मी शुद्धीत होतो, आताही हाओ. आमच्या शाळेत चार वर्गाले एकच मास्तर—"

त्यानं मोबाइल खाली केला. "काम जाईन तुह्यं."

"जाऊ द्या."

गेलं. तालुक्यातला दुसरा कोणता मंडपवाला मला ठेवत नाही. आता हायवेवरच्या एका ढाब्यावर भट्टीपाशी असतो. गावातले काही जण मला एकटं गाठून हळूच सांगतात, बरोबर बोलला गड्या. त्यांचा मला जास्त राग येतो. मंडपात हसणाऱ्यांत तेही होते.

शाळेत अजून एकच मास्तर आहे. ग्रामसभेत मी तोच प्रश्न पुन्हा मांडला. सचिव म्हणाला, "ग्रामस्थांनी विचारलं, असं लिहितो." मी म्हणालो, "माह्यं नाव लिहा." त्यानं सरपंचाकडं पाहिलं. मी टेबलापासून हललो नाही. शेवटी लिहिलं. सही करायच्या आधी मी ते दोनदा वाचलं.

पुन्हा निवडणूक येईल. पुन्हा मंडप पडतील, कोणत्याही रंगाचे. मी प्रत्येक मंडपात जाणार आहे. कोणाचा दुपट्टा घालणार नाही, कोणी बसवलं म्हणून बसणार नाही. उभा राहीन आणि मास्तर कुठं आहे, ते विचारीन. बाहेर काढलं तर दारातून विचारीन. माइक देऊ नका. कापड ताणताना मंडपाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला "ओढ रे" म्हणून ओरडण्यात माझी सोळा वर्षं गेली आहेत. मला माइक लागत नाही.